घरातल्या साड्यांची गोधडी: गाठोडं सोडण्यापासून ठिगळ लावेपर्यंत

वाईत, घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमचं गोधड्यांचं दुकान आहे. पुढे विक्रीची फळी, मागे सतरंजी अंथरलेली खोली. दुपारी जेवणखाण आवरलं की या खोलीत बायका जमतात आणि पाचच्या चहापर्यंत शिवत बसतात. काही जणी मजुरीवर शिवतात, काही आपलं गाठोडं घेऊन शिकायला येतात. दोन-तीन आज्याही येतात. त्यांना सुईत दोरा ओवायला आता दिसत नाही, पण त्यांचा टाका अजूनही रुळासारखा सरळ पडतो. शेजारची शाळकरी मुलगी सकाळी शाळेत जाताना त्यांच्यासाठी डझनभर सुया ओवून उशीला टोचून ठेवते, त्यावर त्यांची दुपार निघते.

पाचगणीला जाणारी माणसं वाटेत थांबतात, गोधडी हातात घेऊन उलटसुलट पाहतात आणि विचारतात, आईच्या साड्या घरात पडून आहेत, आम्हाला शिवता येईल का? येईल. टाका घालायला कोणीही दोन दुपारींत शिकतं. गोधडी बिघडते ती सुई हातात घेण्याच्या आधी, कापड निवडताना आणि थर लावताना. म्हणून मी त्याबद्दल जास्त सांगणार आहे आणि टाक्याबद्दल कमी.

गाठोडं सोडलं की

सगळ्या साड्या एकदम बाहेर काढा आणि आधी सुती कोणत्या, ते बघा. हाताला सुती लागणाऱ्या पुष्कळ साड्यांत पॉलिएस्टर असतं. शंका असेल तर कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो, आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर वितळतं, प्लास्टिकचा वास मारतं आणि टोकाला कडक मणी उरतो. जिचा मणी झाला ती साडी गोधडीत घालू नका, कितीही आवडती असली तरी. ती घाम शोषत नाही आणि थरांमध्ये सरकत राहते. तुम्ही कितीही टाके घाला, वर्षभराने आत तिचा बोळा झालेला सापडतो. जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन यांचंही तेच.

रेशमाचं वेगळं आहे. जुनं रेशीम घडीवर तडकतं आणि जरतार टोचते. रेशमी साडीचा काठ किंवा पदराचा तुकडा वर शोभेला लावा, पोटात, म्हणजे मधल्या थरांत, घालू नका. जुन्या इरकली लुगड्याचं अंग बहुधा सुती असतं, पदर मात्र रेशमी असतो. तो सांध्यापाशी वेगळा करून ठेवा.

सुती साड्या निवडून झाल्या की एकेक साडी खिडकीसमोर उजेडात धरून वरपासून खालपर्यंत बघा. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. नऊवारी काष्ट्याच्या जागी विरते. पाचवारी बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला विरते, आणि पदराला खांद्यापाशी पिनेची भोकं असतात. विरलेलं कापड आणि कुजलेलं कापड मात्र एक नव्हे. विरलेलं पातळ असतं, मऊ असतं, पोटात घालायला याच्यासारखं दुसरं काही नाही. कुजलेल्याला ताकद राहिलेली नसते. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आडवं ताणा. नुसतं ताणलं गेलं तर चांगलं. चर्रकन फाटलं तर तेवढा भाग काढून टाका. पोटात आहे, कोणाला दिसतंय, असं म्हणून तो आत दडपू नका. पहिल्या धुण्यातच त्याचे गोळे होतात.

मग फॉल उसवा. नवीन शिकणारीच्या हे लक्षातच येत नाही. फॉल तसाच राहिला तर त्या पट्ट्यात सुई अडते आणि धुतल्यावर साडी आणि फॉल वेगवेगळे आटून तिथे चुण्या पडतात. पोटात जाणाऱ्या साड्यांचे जाड काठही कापून बाजूला ठेवा, पुढे ते लागणार आहेत.

आता सगळं धुवायचं. साडीत खळ राहिली तर कसर लागते, म्हणून रात्रभर साध्या पाण्यात भिजवून चोळून काढा. रंग जातो का ते आत्ताच बघा. साडीचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर तीच साडी पुन्हा पुन्हा धुऊन पुन्हा बघा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण एकदा रंगवून झालेल्या कापडाचा कच्चा रंग मिठाने धरत नाही. चार-पाच धुण्यांनंतरही लाल पाणी निघत असेल तर ती साडी या गोधडीसाठी नाही.

तळासाठी नवं कापड घेणार असाल तर मांजरपाट किंवा जाड लाँगक्लॉथ घ्या आणि तेही आधी धुवा. कोरं कापड आटतं, जुनी साडी आटून झालेली असते. दोन्ही एकत्र शिवून मग धुतलं की तळ ओढला जातो आणि वरचा भाग फुगतो.

एक शेवटचं, आणि ते कापडाइतकंच महत्त्वाचं. आई किंवा सासूबाई गेल्यावर त्यांच्या साड्या घेऊन येणाऱ्या बायका आमच्याकडे खूप असतात. तुमचंही गाठोडं तसं असेल तर पहिला काप एकटीने, घाईने घालू नका. घरात आधी विचारा. बहिणीला एखादी साडी तशीच ठेवायची असते, काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे वापरत नाहीत, काही घरांत मुद्दाम वापरतात. सगळ्यांचं बोलून होऊ द्या. पदर अखंड ठेवा आणि वरच्या थरात मधोमध येईल असा बसवा. पदर पाहिला की ती साडी कोणाची, कोणत्या लग्नात घेतलेली, हे घरातल्या प्रत्येकाला आठवतं. अंगाचा तुकडा पाहून तसं होत नाही. आमच्या खोलीत असं गाठोडं सुटतं तेव्हा बाकीच्या जणी सुया खाली ठेवतात आणि आधी ऐकून घेतात. त्या दिवशी काम कमी होतं, मी ते तसंच होऊ देते.

किती साड्या लागतील

एका माणसाची गोधडी ६ फूट लांब, ५ फूट रुंद धरा. पाचवारी साडी साधारण १८ फूट लांब आणि पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ ते ४८ इंच. फाटकं-विरलं वगळून एका साडीत या मापाचे दोन थर निघतात. नऊवारीत तीन. म्हणजे चार पाचवारींचे आठ थर झाले. तळाला एक, वर एक, मध्ये सहा. पातळ, मऊ झालेल्या साड्यांना आठ थर बरोबर होतात. कापड जाड असेल, हातमागाचं असेल, तर सहावर थांबा, नाहीतर सुई ओढायला पक्कड लागेल. वाईची थंडी आठ थरांत भागते, महाबळेश्वरकडून मागणी आली तर आम्ही दोन थर वाढवतो आणि त्या गोधड्या फक्त सवयीच्या हातांत देतो.

दोरा सुती आणि जाड घ्या. मशीनचा पॉलिएस्टर दोरा तुटत नाही खरा, पण तोच मऊ जुन्या कापडाला आतून कापतो. ओळी बोटभर अंतरावर घातल्या तर एका गोधडीला १५० ते २०० मीटर दोरा जातो. टाके १३ हजारांच्या वर पडतात. हा आकडा घाबरवायला सांगत नाही, रिळं एकदम घ्यावीत म्हणून सांगते. पांढऱ्यातसुद्धा दोन खेपांना दोन छटा मिळतात. सुई अडीच-तीन इंच लांब आणि नेढं मोठं असलेली हवी, पण दाभण नको. दाभणाने पडलेलं भोक भरून येत नाही. शिवाय अंगुस्तान, मेणाचा तुकडा, कात्री आणि टेप. एवढंच.

थर लावणं

हे काम एकटीने करू नका. दोघी हव्यात, चौघी असल्या तर उत्तम. सकाळचं करा, कारण उजेड हवा आणि कंबर ताजी हवी. फरशी पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. पंखा बंद.

तुकडे मापाने करताना, कापड मजबूत असेल तर कात्रीने नुसती खाच देऊन फाडा. फाडलेलं सुती कापड सुताच्या रेषेतच जातं, कात्रीने ती रेषा सांभाळणं अवघड. फार जुनं, मऊ कापड फाडू नका, त्यातला एक धागा ओढून काढा आणि उमटलेल्या रेषेवर कापा.

तळाचं कापड सुलट बाजू खाली करून पसरा. दोघींनी चारी टोकं धरून उचलायचं, एकदा झटका द्यायचा आणि हवेसकट अलगद खाली सोडायचं. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. आमच्याकडे तराजूची जुनी वजनं आहेत, घरी वरवंटा चालतो. तळ किंचित ताणलेला असावा, तंग नको.

त्यावर पोटातले थर. साडीचा पन्हा पाच फुटांना पुरत नाही, म्हणून प्रत्येक थराला जोड लागणारच. हे जोड शिवायचे नाहीत. एक तुकडा दुसऱ्यावर दोन बोटं चढवून ठेवायचा, बस. पण खालच्या थराचा जोड जिथे आला आहे त्याच्यावर वरच्या थराचा जोड येता कामा नये. एकाचा डावीकडे घेतला तर पुढच्याचा उजवीकडे घ्या. जोड एकावर एक आले तर तिथे आडवा वरंबा उठतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो रोज लागतो. तसंच एक थर उभा, एक आडवा असं लावत चला. साडी लांबीत जास्त टिकते आणि आडवी लवकर फाटते, म्हणून आलटून पालटून लावलं की गोधडी सगळीकडून सारखा ताण सोसते.

प्रत्येक थर टाकला की मध्यभागी तळहात ठेवून कडेकडे फिरवत न्या. नंतर डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवा. डोळ्यांना न दिसणारी चुणी हाताला लागते. लागली तर तो थर उचला आणि पुन्हा टाका. वरून ओढून सरळ करायला गेलात तर ती चुणी फक्त दुसरीकडे जाते. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी या कामाला कोणाचंच ऐकत नाहीत. आठपैकी सातवा थर असला तरी खालचं काही हाताला लागलं तर सगळं उचलायला लावतात, आणि त्यांच्या देखरेखीखाली लावलेली गोधडी मी डोळे झाकून विकते.

वरचं कापड फिकं असेल तर त्याच्या लगेच खाली फिकाच थर द्या. गडद हिरवी साडी पांढऱ्याखाली ठेवली की डाग पडल्यासारखी दिसते.

वरचा थर तुमच्या आवडीचा. पहिल्या खेपेला अख्खी साडी घ्या, मध्ये पदराचा चौकोन बसवा आणि चारी कडांना गडद रंगाच्या पट्ट्या लावा, कारण कडाच आधी मळतात. छोट्या चौकोनांची, त्रिकोणांची नक्षी दुसऱ्या गोधडीला करा. ठिगळं लावायची असतील तर कडा अर्धं बोट आत दुमडून आधी इस्त्री मारून घ्या. रंग जुळवत बसू नका. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना एकाच छटेतली गोधडी हवी असते, आम्ही ती करूनही देतो, पण ज्या घरात आजीची हिरवी, आईची अबोली आणि मुलीची कॉलेजातली निळी एकत्र आली आहे त्या घराची गोधडी माझ्या मते जास्त देखणी होते. रंग एकमेकांशेजारी बसायला शिकतात, पहिल्या धुण्यानंतर तर नक्कीच.

मग कच्चे टाके. हे टाळू नका, हात जोडून सांगते. मध्यापासून सुरुवात करून बाहेर जायचं. आधी उभी-आडवी फुली, मग दोन तिरप्या रेघा, मग वीतभर अंतरावर सरळ ओळी. टाका तीन-चार बोटं लांब चालतो. कारण असं, की गोधडी आपण नंतर कडेपासून आत शिवत जाणार. कच्चे टाके नसले तर प्रत्येक फेरीबरोबर कापड थोडं थोडं आत ढकललं जातं आणि मध्यावर पोहोचेपर्यंत तिथे फुगा तयार होतो. त्याला मग उसवण्याशिवाय इलाज नाही. कच्चे टाके मध्यापासून घातले की ते जास्तीचं कापड आधीच कडेला निघून जातं. पक्के टाके पूर्ण होईपर्यंत ते काढायचे नाहीत.

टाका

दोरा हातभरच घ्या आणि एकदा मेणावरून ओढा. लांब दोरा घेऊन ओवण्याचे कष्ट वाचत नाहीत, गुंता सोडवण्यात जास्त वेळ जातो. पहिल्या गोधडीला उठून दिसणारा रंग घ्या, गडदावर पांढरा किंवा फिक्यावर लाल. टाका दिसला तरच तो सुधारतो.

तळ आणि वरचं कापड दोन्हींच्या कडा आत दुमडून एकमेकींना भिडवा आणि कडेपासून बोटभर आत, एका कोपऱ्यातून धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा सरळ टाका, सुरू करा. कडेकडेने चारी बाजू फिरून या आणि पहिल्या ओळीच्या आत बोटभर अंतरावर दुसरी फेरी घ्या. अशा फेऱ्या घेत मध्यावर यायचं. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही त्यांची गोधडी, कवंदी, अशीच कडेपासून आत शिवतात आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं बसवतात. आमच्यातल्या एका मुलीने ती बघून शिकून घेतली, आता आमच्याही काही गोधड्यांना ती फुलं असतात.

इंचाला तीन टाके पुरेत, चार आले तर सुंदर. सुईवर एका वेळी दोन-तीनच टाके भरा. जास्त भरले की सुई तिरपी होते आणि तळाचं कापड सुटतं, ते वरून कळत नाही. डावा हात गोधडीखाली ठेवा. सुईचं टोक त्या बोटाला हलकं लागलं पाहिजे, तरच ती आठही थर भेदून गेली. प्रत्येक फेरीनंतर उलटून बघा. मागचे टाके पुढच्यासारखेच दिसायला हवेत.

दोरा ओढून घट्ट करण्याचा मोह आवरा. ओढलेल्या दोऱ्याने गोधडी आकसते, सैल सोडलेल्यात पायाचं बोट अडकतं. टाके भरून सुई बाहेर काढली की ती ओळ दोन्ही हातांनी एकदा ताणा, दोरा आपोआप हवा तेवढाच राहतो. गाठ वर ठेवू नका. दोरा संपत आला की त्याच जागी दोन मागचे टाके घ्या, सुई थरांमधून दोन बोटं पुढे काढा आणि तिथे कापा. टोक आत दडतं.

ओळींमधलं अंतर वाढवून काम लवकर उरकू नका. दोन-तीन इंचांवर घातलेल्या ओळींची गोधडी फोटोत तशीच दिसते, पण तिच्या पोटातले थर धुताना हलतात. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या पुष्कळ गोधड्यांची हीच गोष्ट. विकत घेत असाल तर किंमत विचारण्याआधी ओळींमध्ये बोट ठेवून बघा.

शेवटी गोट, म्हणजे कडेला फिरणारी पट्टी. ६ बाय ५ च्या गोधडीचा घेर २२ फूट. मघाशी बाजूला ठेवलेले काठ इथे कामाला येतात. एका साडीचे दोन्ही काठ मिळून ३६ फूट होतात. काठ मधोमध दुमडून गोधडीच्या कडेवर बसवा, वरून आणि खालून हेमिंग करा. कोपऱ्यावर पट्टी कापू नका, तिरपी घडी घालून वळवा. गोट झाला की कच्चे टाके काढा.

रोज दुपारी दोन तास बसलात तर एकटीच्या हाताने पहिल्या गोधडीला महिना लागेल. चौघी बसल्या तर फार लवकर होते, आणि तसं शिवण्याची थोडी रीत आहे.

चौघींनी शिवताना

प्रत्येकीने एक बाजू घ्यायची आणि फेरी सगळ्यांनी बरोबर संपवायची. एकीचा हात झरझर चालतो म्हणून ती तीन फेऱ्या पुढे गेली तर तिच्या बाजूने कापड ओढलं जाऊन गोधडी तिरकी होते. तिने थांबायचं, बाकीच्यांच्या सुया ओवून द्यायच्या. ज्यांचा टाका मोठा पडतो त्यांना शेजारी बसवू नका, समोरासमोर बसवा, आणि दर दोन फेऱ्यांनी जागा बदला. मग मोठे-बारीक टाके सगळीकडे विखुरतात आणि एक बाजू वेगळी दिसत नाही. नव्या मुलीला नेहमी आजीच्या शेजारी जागा द्या. सांगून कळत नाही ते शेजारचा हात बघून कळतं.

चहा सतरंजीच्या बाहेर. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. हरवलेली सुई सापडल्याशिवाय गोधडीची घडी घालायची नाही, मग रात्रीचे आठ वाजोत. दर तासाने उठून पाय मोकळे करायचे. हे आम्ही कडक पाळतो, कारण या कामात डोळ्यांआधी कंबर जाते.

तुम्हाला असाच गट करून विकण्यासाठी शिवायचं असेल तर मजुरीचं आधी ठरवा. आमच्याकडे मजुरी रिळावर आहे. नगावर मजुरी दिली की ओळी विरळ होतात, तासावर दिली की वयस्क हातांवर अन्याय होतो. ओळी दाट आल्या तर दोरा जास्त लागतो, आणि दोरा जास्त लागला तर पैसे जास्त, म्हणजे चांगलं शिवणारीचं नुकसान होत नाही. थर लावण्याचे पैसे वेगळे, कारण त्यात दोरा लागत नाही पण सगळ्यात जास्त जाण लागते. गिऱ्हाइकाला किंमत सांगताना मी यातलं सगळं उघड सांगते. घासाघीस करणारा माणूस मागच्या खोलीत पाच मिनिटं बसून गेला की बहुधा गप्प होतो.

कामाचं वेळापत्रक गावाचं असतं, आपलं नसतं, हेही धरून चाला. हळद काढायच्या आणि शिजवायच्या दिवसांत आमची खोली निम्मी रिकामी असते. स्ट्रॉबेरीच्या तोडणीवर जाणाऱ्या वेगळ्या. रंगपंचमीला शेजारच्या बावधन गावच्या जत्रेचं बगाड, त्या दिवशी कोणी येणार नाही आणि मीही दुकान उघडत नाही. म्हणून दिवाळीला द्यायची गोधडी कोणी दसऱ्याला सांगायला आलं तर मी नाही म्हणते. आषाढात सांगा.

बाळाचं दुपटं

एवढी मोठी गोधडी अंगावर येत असेल तर दुपट्यापासून सुरुवात करा. ३ बाय ३ फूट, चार थर, अर्ध्या नऊवारीत आरामात बसतं. दोरा ४०-४५ मीटर. सातवा महिना लागला की आमच्याकडे बाळंतविड्यासाठी मागणी येते आणि प्रत्येक आजी स्वतःचं वापरून मऊ झालेलं लुगडंच घेऊन येते. ते बरोबरच आहे. नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. ओळी जवळ घ्या, जरतार, टिकल्या, लोकरीचे गोंडे काहीही लावू नका. दुपटं बाळाच्या खाली अंथरायला किंवा मांडीवर घेताना गुंडाळायला आहे, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल असं सैल पांघरू नका. आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि जोराची कावीळ होते. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि वापरण्याआधी दुपटं धुऊन उन्हात घाला.

धुणं आणि ठिगळ

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची आपली जुनी पद्धत, त्या दिवसांत कृष्णेकाठी घाटाच्या पायऱ्या गोधड्यांनी भरून जातात. वर्षातून दोन-तीनदा धुतली तरी पुरे, मधल्या काळात ऊन दाखवा. तासभर साध्या साबणाच्या पाण्यात भिजवा, हाताने दाबून मळ काढा. धोपटण्याने बडवू नका, पिळू नका. कोरडी गोधडी दोन किलोच्या आसपास असते, भिजल्यावर उचलायला दोघी लागतात. एका दोरीवर टाकली तर मधल्या ओळीवर सगळा भार येऊन टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरून टाका किंवा स्वच्छ दगडावर आडवी वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी नको, पोटात ओल राहिली की बुरशीचा वास धरतो आणि तो जात नाही.

टाका तुटलेला दिसला तर त्याच आठवड्यात घाला. विरलेल्या जागी ठिगळ लावताना ते त्या जागेपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं घ्या, म्हणजे त्याची कड धड कापडावर बसेल. जुन्या गोधडीला नव्या कोऱ्या कापडाचं ठिगळ नको, ते आजूबाजूचं कापड ओढून फाडतं. वापरलेलंच कापड घ्या. आणि ठिगळ फक्त कडेने शिवून सोडू नका, मूळच्या ओळी जिथून जात होत्या तिथूनच त्याच्यावरूनही घ्या, तरच ते बाकीच्या थरांशी धरून राहतं.